आजीच्या लुगड्याचे लंगोट आणि लेकीचे पॉकेट डायपर: तयारी, धुणे आणि पावसाळ्यातली वाळवण

गोव्यातल्या सावईवेऱ्याहून आपण कळवले आहे की, लेक पहिल्या बाळंतपणासाठी पुण्याहून माहेरी येते आहे आणि तिचे दिवस जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात भरतात. तिने बारा पॉकेट डायपर, म्हणजे खिशात शोषक घडी सरकवून वापरायचे कापडी डायपर, आधीच मागवून ठेवले आहेत, आणि आपल्या मनात मात्र आईच्या ठेवणीतल्या सुती लुगड्यांचे लंगोट शिवायचे आहे. दोन्हींची तयारी कशी करावी, विहिरीच्या पाण्यात आणि घरातल्या अर्धस्वयंचलित यंत्रात ते कसे धुवावेत, धुताना जंतुनाशक घालावे का, आणि ऐन पावसात, तेही कुळागरातल्या, म्हणजे पोफळी-माडांच्या बागेतल्या, घरात, ते वाळवावेत कुठे, असे आपले प्रश्न आहेत. मी नवजात बालकांच्या विभागात परिचारिका म्हणून एकतीस वर्षे काम केले आणि त्या काळात लंगोट, दुपटी आणि त्यांच्या धुण्याबद्दल आयांशी व आज्यांशी रोज बोलत आले. त्या अनुभवावरून लिहिते.

लंगोटांच्या बाबतीत घरातली बहुतेक शक्ती डाग काढण्यावर खर्च होते, हे मी कायम पाहिले आहे. पिवळा डाग राहिलेला, पण नीट धुतलेला आणि खडखडीत वाळलेला लंगोट बाळाला काहीही करीत नाही. बाळाच्या कातडीला त्रास होतो तो कापडात जे डोळ्यांना दिसत नाही पण उरलेले असते त्याचा: कोऱ्या कापडातली खळ, न निघालेला साबण, अंगाला चोळलेले खोबरेल, पेटीतल्या गोळ्यांचा अंश आणि पुरती न गेलेली ओल. पुढे जे सांगते ते सगळे याच पाच गोष्टी कापडातून बाहेर काढण्यासाठी आहे.

सगळ्यात आधी ती लुगड्यांची पेटी उघडा आणि उघडल्याबरोबर वास कसला येतो ते पाहा. डांबरगोळ्यांचा वास आला, तर ती लुगडी या बाळासाठी वापरू नका. धुऊन, उन्हात घालूनही नको. डांबरगोळ्यांत नॅफ्थलीन असते. काही बालकांच्या रक्तातल्या तांबड्या पेशींत जी-सिक्स-पी-डी नावाचे विकर (एन्झाइम) जन्मतः कमी असते आणि अशा बाळाच्या शरीरात नॅफ्थलीन कातडीतून किंवा श्वासातून गेले की तांबड्या पेशी फुटू लागतात व कावीळ झपाट्याने चढते. तेल लावलेल्या अंगातून ते आणखी सहज शोषले जाते, आणि आपल्याकडे बाळाला तेल लावल्याशिवाय आंघोळ घालीत नाहीत. आपल्या नातवंडात हे विकर कमी आहे की नाही हे पहिल्या दिवसांत बहुधा कोणालाच ठाऊक नसते. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळात चार दिवसांचा एक मुलगा आमच्याकडे आणला होता. हळदीत बुडवून काढल्यासारखा पिवळा, दूध ओढायचेही त्राण नसलेला. त्याला गुंडाळलेले दुपटे मी उलगडले आणि खोलीभर डांबरगोळ्यांचा वास पसरला. त्याच्या आजीने ती दुपटी थोरल्या नातवाच्या वेळेपासून मोठ्या मायेने जपून ठेवली होती. मुलाचे रक्त बदलावे लागले, तो वाचला. त्या दिवसापासून कोणतीही आजी जुने कापड घेऊन आली की मी ते आधी नाकाशी धरीत असे. कापराच्या वड्यांचेही तेच समजा. पेटीत नुसता कडुनिंबाचा पाला किंवा वाळा असेल, तर लुगडी निर्धास्त वापरा.

लुगडी चांगली निघाली, तर लंगोटासाठी त्यांच्यासारखे दुसरे कापड नाही. वर्षानुवर्षे धुऊन त्यांतली खळ गेलेली असते, धागा मऊ झालेला असतो आणि पाणी टाकताच ते शोषून घेतात. काठ, जर आणि पदर काढून टाका. ओला पांढरा रुमाल लुगड्यावर घासून पाहा. रुमालाला रंग लागला तर ते लुगडे बाजूला ठेवा. साध्या पाचवारी साडीचे काठ-पदर काढल्यावर साधारण ५ मीटर लांब आणि १ मीटर रुंद कापड हाती उरते, म्हणजे ५० सेंटीमीटरचे २० चौकोन होतात. नऊवारीचे अर्थातच जास्त. चौकोनाची त्रिकोणी घडी घालून बांधला की लंगोट झाला. नाडीचा लंगोट शिवायचा असेल, तर नाडी रुंद आणि मऊ ठेवा व गाठ कुशीवर येईल अशी बांधा. सेफ्टी पिन वापरू नका. शिवताना एकच गोष्ट काटेकोरपणे पाळा: चारही कडा दुमडून शिवा आणि एकही दोरा लोंबता ठेवू नका. जुन्या कापडाचा सुटलेला दोरा बाळाच्या पायाच्या बोटाला किंवा मुलाच्या शिश्नाला गुंडाळला जातो, ओला होऊन आवळतो आणि रक्तपुरवठा तोडतो; बाळ तासन्‌तास रडते आणि घरचे पोटात दुखते आहे असे समजत राहतात. कारण सापडत नसेल आणि बाळ रडतच असेल, तर लंगोट सोडून हातापायांची बोटे एकेक करून पाहावीत, असे लेकीला आतापासूनच सांगून ठेवा.

लंगोट किती लागतील याचा हिशेब सोपा आहे. नवजात बाळाला दिवसाला दहा-बारा लागतात, आणि जुलैत वाळायला दीड-दोन दिवस लागतात. तेव्हा छत्तीसपेक्षा कमी नकोत.

लेकीच्या पॉकेट डायपरवरून घरात वाद होऊ देऊ नका, कारण त्यांची पाळी नंतरची आहे. अडीच-तीन किलोच्या बाळाच्या मांडीला त्यांचे इलॅस्टिक सैल बसते आणि कडेने गळती होते. शिवाय नाळ गळून पडेपर्यंत, म्हणजे साधारण एक-दोन आठवडे, बेंबीच्या खाली बांधता येणारा साधा लंगोटच सोयीचा. महिना-दीड महिना लंगोट वापरा आणि बाळाच्या मांड्या भरल्या की पॉकेट डायपर सुरू करा. तयारी मात्र आताच, पावसाच्या उघडिपीत करून ठेवा. बाहेरच्या कव्हराच्या आतल्या अंगाला पॉलियुरेथेनचा पातळ थर चिकटवलेला असतो. त्यामुळेच ओल बाहेर येत नाही. हे कव्हर कोमट पाण्यात एकदा धुऊन सावलीत वाळवले की पुरे. त्याला उकळते पाणी, कडक ऊन आणि इस्त्री यांपासून कायम दूर ठेवा. आतल्या घड्या कशाच्या आहेत ते वेष्टनावर पाहा. मायक्रोफायबरच्या असतील तर एका धुण्यात तयार होतात, पण त्या थेट बाळाच्या कातडीवर ठेवायच्या नाहीत, कारण त्या कातडीचीही ओल ओढून तिला कोरडी पाडतात; त्यांची जागा कव्हराच्या खिशातच. सुती किंवा बांबूच्या घड्या मात्र पहिली काही धुणी झाल्याशिवाय नीट पाणी धरीत नाहीत. त्यांना पाच-सहा वेळा गरम पाण्यात धुऊन वाळवावे लागते. हे न करता पहिल्याच दिवशी वापरल्या आणि बाळ भिजले, की मग सगळेजण डायपरला नावे ठेवतात.

लुगडी कमी पडली आणि नवे मांजरपाट आणले, तर ते रात्रभर भिजत घाला, दुसऱ्या दिवशी मोठ्या पातेल्यात चमचाभर धुण्याचा सोडा घालून अर्धा तास उकळा आणि पाणी ओतताना त्याचा रंग पाहा. पहिले पाणी फिक्या चहासारखे निघते; ती खळ आणि कापसाचे मेण आहे. पाणी जवळजवळ पांढरे निघेपर्यंत ही क्रिया दोनदा-तीनदा करा. मग वाळलेले कापड पाटावर पसरा आणि त्यावर चमच्याने चार थेंब पाणी टाका. थेंब मोत्यासारखे उभे राहून घरंगळले तर कापड अजून तयार नाही. टाकताक्षणी पसरून कापडात जिरले तर शिवायला घ्या. ही परीक्षा पुढेही उपयोगी पडते, कारण महिन्या-दोन महिन्यांनी कापडात तेल किंवा साबण साठू लागला की तेच थेंब पुन्हा उभे राहू लागतात.

आता रोजच्या धुण्याविषयी. शीचा लंगोट काढल्याबरोबर थंड पाण्याखाली धरा. गरम पाणी आधी लागले तर त्यातली प्रथिने धाग्यात घट्ट बसतात आणि मग डाग हटत नाही. पहिले दोन-तीन दिवस बाळाची शी डांबरासारखी काळी आणि चिकट असते; त्या दिवसांसाठी सगळ्यात जुने तुकडे वेगळे ठेवा आणि डाग राहिले तरी खंत करू नका. पुढे अंगावरच्या दुधाची शी पाण्यात सहज विरघळते. सहा महिन्यांनी वरचे अन्न सुरू झाल्यावर मात्र शी आधी संडासात झटकूनच लंगोट धुवावा. हे पहिले पाणी विहिरीच्या काठाशी किंवा झरीत कधीही सोडू नका. आपला चिरा, म्हणजे जांभा दगड, सच्छिद्र असतो आणि वरचे पाणी खाली लवकर झिरपते. नुसत्या शूचे लंगोट पाण्यात एकदा खंगाळून, पिळून, उघड्या बादलीत ठेवा. दिवसभर पाण्यात भिजत ठेवण्याची सवय मला पसंत नाही. शूमधल्या युरियाचा जंतू अमोनिया करतात, आणि साचलेल्या कोमट पाण्यात त्यांना हवे ते सगळे आयते मिळते.

दिवसातून एकदा सगळे लंगोट एकत्र गरम पाण्यात धुवा. पाणी ६० अंशांच्या आसपास असावे. त्यासाठी तापमापक लागत नाही: आपल्याकडचे विहिरीचे पाणी साधारण २८ अंशांचे असते, त्यात तेवढेच उकळते पाणी मिसळले की ६४ अंशांच्या जवळपास येते आणि कपडे पडल्यावर थोडे उतरते. न्हाणीतल्या भाणातले आंघोळीचे पाणी एवढे गरम नसते, म्हणून वेगळे पातेले ठेवा आणि हात न घालता काठीने ढवळा. अर्ध्या तासाने चोळून धुवा. यंत्र वापरणार असाल, तर त्याचे टोपले दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका. कपड्यांना एकमेकांवर घासायला जागा लागते. पॉकेट डायपरच्या घड्या खिशातून काढूनच टाका आणि कव्हरे कोमट पाण्याच्या फेरीत वेगळी धुवा.

साबणाच्या मापावर मी थोडा अधिक वेळ घेते, कारण पुण्याकडच्या मैत्रिणींचा सल्ला आपल्याकडे जसाच्या तसा लागू पडत नाही. चिऱ्याच्या जमिनीतल्या विहिरीचे पाणी बहुधा मृदू असते. त्यात फेस भरपूर होतो आणि तो निघायला फार पाणी लागते. म्हणून पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या निम्म्या पावडरीने सुरुवात करा आणि शेवटी निदान तीन पाण्यांतून काढा. खात्री करायची असेल, तर धुतलेला एक लंगोट काचेच्या बरणीत स्वच्छ पाणी घेऊन त्यात घाला, झाकण लावून जोराने हलवा आणि बरणी खिडकीशी धरून पाहा. पाण्यावर फेसाची साय धरली तर सगळा घाणा पुन्हा एका पाण्यातून काढा. सुवासिक पावडर, कपडे मऊ करणारे द्रव, नीळ आणि खळ या चारही गोष्टींना लंगोटांच्या बादलीत जागा नाही. मऊ करणारा द्रव तर धाग्यावर मेणासारखा थर चढवतो आणि शोषण्याची ताकदच घालवतो. रिठ्याचे पाणी झबली-टोपड्यांना चांगले, पण शीच्या लंगोटांना ते पुरे पडत नाही असे माझे मत आहे.

आपल्या विहिरीचे पाणी रात्रभर भांड्यात ठेवल्यावर तळाशी तांबूस गाळ बसत असेल, तर त्यात लोह आहे. असे पाणी आदल्या संध्याकाळी काढून उघडे ठेवा आणि सकाळी वरचे निवळ पाणी फडक्यातून गाळून घ्या. त्या पाण्यात ब्लीचिंग पावडर किंवा क्लोरीनचा द्रव घालू नका; त्याने लोह गंजाच्या रूपात कापडावर बसते आणि पांढरे लंगोट तांबूस पिवळे होतात. तसा डाग पडलाच, तर लिंबाचा रस आणि मीठ लावून थोडा वेळ उन्हात ठेवावा आणि मग रस पुरता निघेपर्यंत धुवावा.

जंतुनाशकाच्या प्रश्नाला माझे उत्तर स्पष्ट नकारार्थी आहे. गरम पाणी, साबण, खंगाळणे आणि पूर्ण वाळवणे यांच्यानंतर निरोगी बाळाच्या लंगोटात जंतुनाशकाला काही काम उरत नाही. ते फक्त कापडात राहते आणि बाळ भिजले की कातडीला लागते. १९६७ साली अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरातील एका रुग्णालयात नवजात बालके घामाने भिजून, धापा टाकीत आजारी पडू लागली आणि दोन दगावली. कारण निघाले ते लंगोट आणि चादरी धुताना शेवटच्या पाण्यात वापरलेल्या पेंटाक्लोरोफेनॉल या बुरशीनाशकात. बाजारातली आजची द्रव्ये तेवढी घातक नाहीत, पण शेवटच्या पाण्यात काहीही घालून ते न काढता कपडे वाळत टाकणे, ही सवय तीच आहे. बाळाला जुलाब झाले किंवा जांघेत बुरशी झाली, तर सुती लंगोट दहा मिनिटे उकळा. एवढे पुरते.

वाळवणीचा प्रश्न आपल्यासाठी सगळ्यात कठीण आहे. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, तो बहुतेक जून ते सप्टेंबरात, आणि जुलैत हवेतच एवढी ओल असते की पाऊस थांबला तरी कापड सुकत नाही. त्यात पोफळी-माडांच्या सावलीतल्या कुळागरात ऊन जमिनीपर्यंत पोचतच नाही. म्हणूनच या मोसमात पातळ, एकपदरी लंगोट जाड घडीपेक्षा सरस. घडी रात्रभर पंख्याखाली ठेवूनही आतून ओली राहते. शेवटचे पाणी काढल्यावर सगळे यंत्राच्या पिळणीत पूर्ण फिरवून घ्या. त्या पाच मिनिटांनी वाळण्याचा निम्मा वेळ वाचतो. सुपारी वाळवण्यासाठी आपल्याकडे पारदर्शक पत्र्याचा मांडव असेल, तर जुलैत तो बहुधा रिकामाच असतो. बाजू उघड्या ठेवून त्यात दोऱ्या बांधा. नसेल, तर पडवीत वाऱ्याच्या वाटेवर दोन लंगोटांत वीतभर अंतर ठेवून टांगा आणि रात्री पंखा लावा. झुडपांवर किंवा कुंपणावर मात्र टाकू नका. या दिवसांत सुरवंट आणि लाल मुंग्या फार असतात, आणि सुरवंटाचा एक केससुद्धा बाळाच्या अंगावर गांधी उठवतो. जी काही उघडीप मिळेल त्यात डागाचे लंगोट ओलेच उन्हात पसरा. अंगावरच्या दुधाच्या शीचा पिवळा रंग उन्हाने आपोआप फिका पडतो, त्यासाठी घासण्याची गरज नाही.

वाळले की नाही हे बोटांनी कळत नाही. शिवण आणि नाडीचे मूळ गालाला लावून पाहा; गार लागले तर ओल आहे. मग इस्त्री फिरवा, पण इस्त्रीनंतर लगेच घडी घालू नका, वाफ जाऊ द्या. आमच्या लहानपणी निखाऱ्यांवर वेताची टोपली उपडी घालून तिच्यावर लंगोट पसरीत आणि त्याच खोलीत बाळाला धुरीही देत. कापड वाळत असे हे खरे, पण त्या धुराने बाळाची छाती भरते आणि बंद खोलीत निखारे ठेवणे आईच्याही जिवाला धोक्याचे असते. ती पद्धत आता नको.

खोबरेलाविषयी एक सूचना. तेल लावून झाल्यावर, आंघोळीआधी बाळाखाली घालायचे तुकडे वेगळे ठेवा आणि ते वेगळेच धुवा. तेल धाग्यात बसले की लंगोट मेणकापडासारखा होतो. जांघेत झिंकचे मलम लावावे लागले, तर मधे मलमलीची पट्टी ठेवा.

एवढे करूनही अंग लाल झाले, तर लंगोट दर दोन तासांनी आणि शी झाल्याबरोबर बदला आणि दिवसातून दोन-तीन वेळा बाळाला काही काळ मोकळे राहू द्या. लाली जांघेच्या घड्यांच्या आत असेल आणि तिच्या कडेने लहान लहान लाल ठिपके पसरले असतील, तर ती बुरशी असू शकते. घरी मलमे न बदलता डॉक्टरांना दाखवा.

पांढऱ्या लंगोटाचा एक मोठा फायदा आहे, तो लेकीला आवर्जून समजावून सांगा. पहिल्या आठवड्यानंतर चोवीस तासांत निदान सहा लंगोट चांगले ओले झाले, तर बाळाला दूध पुरते आहे. पहिल्या दोन-तीन दिवसांत लंगोटावर विटेच्या भुकटीसारखा गुलाबी-केशरी डाग दिसला तर घाबरू नका. पाचव्या दिवसानंतरही दिसत राहिला तर दूध पुरत नसावे असे समजून बाळाला दाखवा. शू जवळजवळ रंगहीन हवी. ती गडद होऊन लंगोट पिवळा करीत असेल आणि शी खडूसारखी पांढरी किंवा फिकट राखी असेल, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे जा, मग बाळ कितीही हसतेखेळते दिसो. पित्तनलिका बंद असण्याची ती खूण असू शकते, आणि त्याची शस्त्रक्रिया साठ दिवसांच्या आत झाली तर गुण येण्याची शक्यता अधिक असते. आपण चौदा दिवसांनंतरही राहिलेली कावीळ कोवळ्या उन्हाने जाईल म्हणून थांबतो. लंगोटावरचा रंग पाहिला तर थांबणार नाही.

तीन महिन्यांनी लेक पुण्याला परत जाईल तेव्हा तिथले पाणी कसे आहे ते तिने आधी पाहावे. बोअरवेलचे जड पाणी असेल तर फेस कमी होईल, तिथे पावडरीचे माप पूर्ण घ्यावे लागेल आणि त्यात चमचाभर धुण्याचा सोडा घालावा लागेल. धुण्याच्या साबणाची वडी मात्र तिथे लंगोटांना लावू नये, कारण जड पाण्यात तिचा चिकट गाळ कापडात बसतो. पहिल्या आठवड्यात एक लंगोट पाटावर पसरून चार थेंब टाकून पाहिले, की माप बरोबर आहे का ते कळेल.